‘करण्यात आले’चे पर्यावरण

महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत एक वाक्य वर्षानुवर्षे न चुकता भेटते: ‘जागतिक पर्यावरण दिनानिमित्त महाविद्यालयाच्या परिसरात वृक्षारोपण करण्यात आले.’ कवितेच्या एका ओळीवर तास तास बोलणाऱ्या मराठीच्या अध्यापकांनी या वाक्याकडेही एकदा तितक्याच बारकाईने पाहावे, अशी आमची सूचना आहे. या वाक्याला कर्ता नाही. रोपे कोणी लावली, कोणत्या झाडांची, किती आणि कोणत्या जागी, याचा पत्ता नाही. गेल्या वर्षीच्या रोपांपैकी किती जगली हे सांगण्याची सोय या रचनेतच नाही. आहे ते एक क्रियापद, आणि तेही भूतकाळात जाऊन मोकळे झालेले.

कर्मणी वळणाची ही रचना आपल्याकडे सरकारी कामकाजाच्या भाषेतून आली आणि शिक्षणसंस्थांत स्थिरावली. ‘उपाययोजना करण्यात आल्या’, ‘जनजागृती करण्यात आली’, ‘प्लास्टिकमुक्तीची शपथ देण्यात आली’. या भाषेत काम करणारा कोणी नसतो, म्हणून जाब विचारण्यासही कोणी उरत नाही. आमचे प्रतिपादन असे की, विद्यापीठीय आवारातील पर्यावरण हा आता जगण्याचा भाग राहिलेला नसून तो एक वाङ्मयप्रकार झाला आहे. त्याचे लेखक आहेत, संपादक आहेत, परीक्षक आहेत. त्याचे संकेत ठरलेले आहेत. आणि पुष्कळ महाविद्यालयांत ‘तुमचे मराठी चांगले आहे’ या सबबीखाली त्याचे लेखन मराठी विभागाकडे सोपवले जाते. तेव्हा या प्रकाराची समीक्षा करणे हे आपल्याच विषयाचे काम ठरते.

हा प्रकार कसा घडत गेला हे थोडक्यात पाहू. पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली निर्णय दिला आणि पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर अनिवार्य करण्याचा मार्ग खुला झाला. पुढे २००३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिले. हा अभ्यासक्रम आज पुन्हा वाचला तर आश्चर्य वाटते. त्याच्या शेवटच्या घटकात क्षेत्रकार्य होते: विद्यार्थ्यांनी जवळची नदी, टेकडी वा रान पाहावे, एखादी प्रदूषित जागा पाहावी, आसपासच्या वनस्पती, कीटक आणि पक्षी ओळखावेत, तळ्यासारखी एखादी साधी परिसंस्था अभ्यासावी. एवढे जरी प्रामाणिकपणे झाले असते, तरी वीस वर्षांत आपल्या पदवीधरांची एक पिढी स्वतःच्या गावचा ओढा ओळखू लागली असती. झाले असे की, क्षेत्रकार्याचा ‘प्रकल्प’ झाला आणि प्रकल्प महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागला. नदीवर न गेलेल्या शेकडो विद्यार्थ्यांनी नदीवरचे एकसारखे प्रकल्प सादर केले, आणि नदीवर न गेलेल्या अध्यापकांनी ते तपासले.

यानंतर आले मूल्यांकन. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०१७च्या सुधारित आराखड्यात सातवा निकष ‘संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम उपक्रम’ असा होता. त्यात पावसाचे पाणी साठवणे, कचऱ्याचे व्यवस्थापन, पर्यायी ऊर्जा, वाहनांच्या प्रवेशावर मर्यादा, प्लास्टिकबंदी, हरित परीक्षण अशा गोष्टींची विचारणा होती. प्रश्न रास्त होते, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण उत्तरादाखल पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे छायाचित्र; तेही अक्षांश-रेखांश उमटलेले. मग जे छायाचित्रात येते तेच करावयाचे, अशी रीत पडली. फावडे धरलेले पाहुणे छायाचित्रात येतात. मे महिन्याच्या दुपारी त्या रोपाला पाणी घालणारा माळी येत नाही. ‘प्लास्टिक वापरू नका’ हा फलक छायाचित्रात येतो, आणि तो फलक स्वतः फ्लेक्सचा असतो.

आवारातला दैनंदिन व्यवहार मात्र कोणाच्याही परीक्षणाविना चालू राहतो. तो आम्ही चार गोष्टींपुरता तपासू इच्छितो: पाणी, कागद, अन्न आणि पालापाचोळा.

पाण्यापासून सुरुवात करू. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. त्या भागातली आणि बीड, धाराशिव, जालन्याकडची मुले-मुली पुण्यामुंबईच्या वसतिगृहांत राहतात. टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या या मुलांना आपण सभागृहात बसवून ‘पाणी वाचवा’ या विषयावर व्याख्यान ऐकवतो, आणि त्याच वेळी सभागृहाबाहेरच्या हिरवळीवर फवारे चालू असतात. पाणी पुरवून कसे वापरावे याचे ज्ञान त्या सभागृहात व्यासपीठापेक्षा श्रोत्यांकडेच अधिक असते; त्यांना बोलते करावे असे मात्र कोणास सुचत नाही. पाण्याच्या थंड यंत्राखाली दिवसभर ठिबकणारा नळ, आरओ यंत्रातून गटारात सोडलेले क्षारयुक्त पाणी, ओसंडणारी गच्चीवरची टाकी, यांची नोंद कोणत्याही निकषात बसत नाही. हे अपरिहार्य आहे असेही नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या विस्तीर्ण आवारात तळी, शेततळी आणि विहिरी यांच्या साह्याने पावसाचे पाणी साठवून पाण्याच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर स्वावलंबन साधले. तिथे कोणीतरी उतार पाहिला असेल, पाणी कुठून कुठे वाहते याचा हिशेब केला असेल. हे काम पावसात भिजून करावे लागते. ते शपथ घेऊन होत नाही.

कागदाचा विषय तर आपल्या घरचाच आहे. भाषा-साहित्याच्या विभागांत प्रयोगशाळा नसते, रसायने नसतात. आपला कच्चा माल कागद. प्रबंध एका बाजूने छापावा, दोन ओळींत भरपूर जागा सोडावी, अनेक प्रती बांधून द्याव्यात, ही रीत टंकलेखन यंत्राच्या काळातली आहे. यंत्रे मोडीत निघाली, रीत टिकली. शोधगंगेसारख्या संकेतस्थळावर प्रबंध वाचावयास मिळू लागल्यानंतरही बांधीव प्रतींचे गठ्ठे कपाटांवर चढतच राहिले. २०१०च्या नियमांनी अध्यापकांच्या कामाचे गुणांकन सुरू केले तेव्हापासून पदोन्नतीची फाइल हा आणखी एक जाडजूड ग्रंथ निर्माण झाला. प्रमाणपत्राची छायाप्रत, तिची साक्षांकित प्रत, त्या प्रतीची कार्यालयीन प्रत. अंतर्गत मूल्यमापनासाठी विद्यार्थी आंतरजालावरून उतरवलेली पाने पारदर्शक प्लास्टिकच्या मुखपृष्ठात घालून देतात. वर्षअखेर ती रद्दीत जातात आणि मुखपृष्ठे उकिरड्यावर. यातले काय वाचले गेले, हा प्रश्न शिष्टाचारास सोडून होईल.

अन्नाविषयी फार लिहावयास नको. वसतिगृहाच्या मेसमध्ये भिंतीवर अन्नाची महती सांगणारे सुविचार लावलेले असतात आणि त्यांच्याच खाली खरकट्याचे पिंप भरत असते. दोष विद्यार्थ्यांच्या बेफिकिरीचा म्हणून सांगितला जातो. पण पोळी किती आणि केव्हा लाटावयाची, आज किती जण जेवणार हे कोणी विचारावयाचे, करपलेली भाजी कोणी परत पाठवावयाची, याची व्यवस्था नसेल तर पिंप भरणारच. २०१६च्या घनकचरा नियमांनी दररोज सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या आस्थापनांत विद्यापीठे, महाविद्यालये आणि वसतिगृहे यांचीही गणना केली आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. त्यानंतर अनेक ठिकाणी गांडूळखताचे हौद बांधले गेले. पाहणी समिती येण्याच्या सुमारास त्यांत खरोखरच गांडुळे असतात.

आणि पालापाचोळा. आपल्या जुन्या आवारांत वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब यांची मोठी झाडे आहेत. मूळची मादागास्करची असूनही आपल्या कवितेत मुरलेली गुलमोहराची झाडे आहेत. त्यांची पाने गळतात, हा झाडांचा धर्म. आपल्या लेखी मात्र गळालेले पान म्हणजे घाण. ते झाडून काढावयाचे, ढीग करावयाचा आणि भल्या पहाटे पेटवून द्यावयाचा. मग बुंध्याला गेरू-चुना फासावयाचा आणि बुंध्याभोवती सिमेंटचे ठोकळे असे गच्च बसवावयाचे की पावसाचा थेंब मुळापर्यंत पोहोचू नये. हे झाड वादळात उन्मळले की त्याच्या जागी नवे रोप लावून नवे छायाचित्र काढता येते. राज्य शासनाने २०१६ मध्ये दोन कोटी वृक्षांपासून आरंभ करून २०१९ पर्यंत लक्ष्य ३३ कोटींवर नेले. आकडा वाढत जातो तसतसा एकेका झाडाकडे पाहण्याचा वेळ कमी होत जातो, हे आकड्यांच्या भाषेचे वैशिष्ट्यच आहे.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर या साऱ्या व्यवहाराच्या मध्यवर्ती शब्दाकडे वळू. १९८७च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालानंतर जगभर जी संकल्पना प्रचलित झाली, तिला मराठीत ‘शाश्वत विकास’ असे नाव मिळाले. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची गरजा भागवण्याची क्षमता बिघडू नये, असा तिचा आशय. हा आशय हिशेबाचा आहे. ‘शाश्वत’ हा शब्द मात्र हिशेबाचा नाही. आपल्या संतवाङ्मयात आणि तत्त्वज्ञानात शाश्वत ते ब्रह्म. संसार, देह, धन हे सारे अशाश्वत. या शब्दाबरोबर विषय थेट परमार्थात जाऊन बसतो, आणि परमार्थाची कोणास घाई नसते.

वास्तविक मराठीत या आशयासाठी एक साधा, रोजच्या वापरातला धातू आहे: पुरणे. ‘तेल महिनाभर पुरव’, ‘पुरवून पुरवून वापर’, ‘पुरून उरले’. घर चालवणारी बाई महिनाअखेरीस डब्याच्या तळाकडे पाहून जेव्हा ‘पुरवायला हवं’ म्हणते, तेव्हा त्या एका शब्दात किती शिल्लक आहे, किती दिवस काढावयाचे आहेत आणि खाणारी तोंडे किती, हे तिन्ही घटक असतात. ब्रुंटलँड आयोगाला यापेक्षा वेगळे काही म्हणावयाचे होते असे आम्हांस वाटत नाही. परीक्षेच्या ‘पुरवणी’तही हाच धातू आहे, मूळ उत्तरपत्रिकेची मधली पाने कोरी सोडून पुरवण्या जोडणाऱ्या विद्यार्थ्याला तो कोणी समजावून सांगत नाही, एवढेच. ‘पुरणे’चा दुसरा अर्थ गाडणे असाही आहे, आणि आवारामागच्या खड्ड्यांत आपण सध्या तोच अर्थ अमलात आणतो. पारिभाषिक शब्द बदलावा असा आमचा हट्ट नाही. तो आता रुळला आहे. मात्र वर्गात हा शब्द शिकवताना त्याला हिशेबाच्या भाषेत परत आणणे, एवढे तरी भाषेच्या अध्यापकाने करावे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या आवाराची हद्द कुंपणाशी संपत नाही. पुण्यातल्या महाविद्यालयाच्या नळाला येणारे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव येथून येते; त्या धरणांखाली गावे गेली आहेत. दिवे आणि वातानुकूलन यंत्रे चालवणारी वीज पुष्कळ अंशी कोळशाची, आणि कोळशाची धूळ चंद्रपूरकडच्या माणसांच्या फुप्फुसांत. शहराचा कचरा वर्षानुवर्षे फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या माथी मारला गेला, त्याविरुद्ध त्या गावांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. आपण ‘झाडाझडती’ शिकवतो. विश्वास पाटलांच्या या कादंबरीला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे विद्यार्थी तत्परतेने लिहितात. धरणग्रस्तांच्या त्या कथेचा आणि वर्गाबाहेरच्या नळाचा संबंध मात्र प्रश्नपत्रिकेत येत नाही. ‘पर्यावरणवादी समीक्षा’ या विषयावर चर्चासत्रे होतात. बालकवींच्या निसर्गचित्रणावर निबंध वाचले जातात. निबंधवाचकाला शाल, श्रीफळ, चकचकीत कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ आणि ॲक्रिलिकचे स्मृतिचिन्ह दिले जाते. समोर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग असते. या विसंगतीवर टीका करणे सोपे आहे. कठीण गोष्ट ही की, बाटली गोळा करणारी व्यक्ती त्या सभागृहात असूनही तिला कोणी चर्चेचा भाग मानत नाही.

ही व्यक्ती पाहिली गेली तर काय होऊ शकते, याचे उदाहरण एका विद्यापीठाच्याच इतिहासात आहे. १९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढशिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना साक्षर करावयास गेल्या. त्यांच्याबरोबर वावरताना या स्त्रियांची निकड वेगळीच असल्याचे ध्यानात आले: कचराकुंडीत हात घालण्याऐवजी वेगळा केलेला सुका कचरा थेट मिळावा, आणि आपण भिकारी वा चोर नसून कामगार आहोत हे मान्य व्हावे. या संवादातून १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निर्माण झाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी दारोदारच्या कचरासंकलनाचा करार केला. शहराचे पर्यावरण सांभाळणाऱ्या, बहुसंख्य दलित असलेल्या या स्त्रियांना ओळखपत्र मिळाले, नाव मिळाले. म्हणजे, वाक्याला कर्ता मिळाला. विद्यापीठाने पर्यावरणासाठी काय करावे, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर आम्हांस माहीत नाही. आणि हे काम करणाऱ्यांनी त्याला त्या वेळी पर्यावरणाचा उपक्रम असे नावही दिले नव्हते.

श्रमाच्या बाबतीत कर्मवीर भाऊराव पाटलांचेही स्मरण होणे अगत्याचे आहे. साताऱ्याच्या १९२४च्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे आपण करीत. त्यांच्या विचारातून आलेली ‘कमवा आणि शिका’ योजना आज विद्यापीठांत चालते, आणि गरजू विद्यार्थ्यांना ती खरोखर आधार देते. परंतु श्रम हा सर्वांच्या शिक्षणाचा भाग होता, तो आता गरजूंचा तेवढा राहिला. तासाच्या मोबदल्यावर एक विद्यार्थी झाडांना पाणी घालतो आणि पर्यावरण मंडळाचे प्रमाणपत्र दुसऱ्याला मिळते, ही विभागणी आम्हांस अस्वस्थ करते.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, नद्या कारखाने आणि महानगरे नासवतात. महाविद्यालयाच्या नळाने आणि कागदाने काय होणार? प्रमाणाचा हा मुद्दा खरा आहे. परंतु त्या कारखान्यांचे आणि महापालिकांचे अहवाल उद्या लिहिणारे अधिकारी आज आपल्याच बाकांवर बसले आहेत. न लावलेल्या झाडाचा अहवाल कसा लिहावा हे ज्याने महाविद्यालयात शिकून घेतले, तो उद्या न झालेल्या सांडपाणी-शुद्धीकरणाचा अहवाल तितक्याच सराईतपणे लिहील. आवारातून बाहेर पडणारी सर्वांत घातक गोष्ट प्लास्टिक नसून ही लेखनाची सवय आहे.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. पदे रिक्त आहेत, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांवरच समित्या लादल्या जातात, त्यात हा आणखी व्याप कोणी करावयाचा? आक्षेप घेणाऱ्यांविषयी आम्हांस पूर्ण सहानुभूती आहे. पण आम्ही सुचवतो त्यातील बहुतेक गोष्टींनी काम कमी होते. पुष्पगुच्छ न आणणे, फ्लेक्स न छापणे, पान दोन्ही बाजूंनी छापणे, एका फाइलच्या तीन प्रती न करणे, पाचोळा जाळण्याऐवजी झाडाच्या बुडाशी पसरून ठेवणे, यांना निधी लागत नाही आणि समितीही लागत नाही. पाण्याचे आणि विजेचे मासिक देयक सूचनाफलकावर लावण्यास एक टाचणी पुरते.

मराठी विभागांकडे याखेरीज दोन खास कामे आहेत. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये वर्षाचे महिने एकेक करून डोळे उघडे ठेवून पाहिले. आपल्या विद्यार्थ्यांनी आवारातली झाडे वर्षभर तशी पाहावीत: कोणते झाड केव्हा निष्पर्ण झाले, केव्हा फुलले, आपापल्या गावी त्याला काय म्हणतात. विदर्भातल्या, कोकणातल्या, खानदेशातल्या मुलांच्या तोंडची नावे एका वहीत उतरली तरी तो भाषेचा आणि परिसराचा एकत्रित अभ्यास होईल, आणि तो झेरॉक्सच्या दुकानात मिळणार नाही.

दुसरे काम अहवालाच्या भाषेचे. तो लिहिणे टळणार नसेल तर निदान कर्तरी प्रयोगात लिहावा. ‘तीन वर्षांपूर्वी आम्ही चाळीस रोपे लावली, त्यांतली अकरा जगली, पाणी अमुक माळीमामांनी घातले, बाकीची उन्हाळ्याच्या सुटीत वाळली, कारण सुटीत पाण्याची व्यवस्था आम्ही केली नाही.’ असा अहवाल मूल्यांकनात कदाचित कमी गुण मिळवील. पण तो वाचून पुढच्या उन्हाळ्यात काय करावयाचे हे कोणासही कळेल. येत्या ५ जूननंतर जे सहकारी हा अहवाल लिहावयास बसतील, त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, वाक्यात कर्ता लिहावा. आणि तो सापडत नसेल, तर ते वाक्य अहवालात घालू नये.